पाहुण्याचा पैसा जातो कुठं?

(शिंदखेडा इथं झालेल्या जमीन-जंगल हक्क शिबिरातलं भाषण. ज्या पाड्यांवरचे साथी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथं देत आहोत. रात्रीच्या बैठकीत एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, मग चर्चा करावी.)



आजचा विषय पर्यटन आहे म्हटल्यावर सकाळी काही जण हसले. दावे पडून आहेत, मोजणी अर्धवट आहे, फॉरेस्टवाले शेतात चर खणताहेत, आणि आपण टुरिस्ट लोकांवर बोलायचं? पण हा विषय संघटनेनं आणलेला नाही. तो आपल्याच पोरांनी आणला. गेल्या काही बैठकांत तरुण साथी उठून विचारताहेत, "आपल्या डोंगरात हॉटेल झालं, रिसॉर्ट झालं तर आम्हाला ऊसतोडीला जावं लागणार नाही. गुजरातेत दुसऱ्याच्या कपाशीत राबावं लागणार नाही. मग संघटना नाही का म्हणते?"

सवाल खरा आहे. जो पोरगा दिवाळीनंतर कोयता आणि बायकापोरं घेऊन ट्रकमध्ये बसतो, त्याला आपण नुसतं 'पर्यटन वाईट' असं सांगितलं तर तो ऐकणार नाही, आणि त्यानं ऐकू पण नये. म्हणून आज घोषणा कमी आणि हिशोब जास्त करू या.

पाहुणा आपल्याला नवा नाही

आधी एक गोष्ट साफ करू. आपण पाहुण्याच्या विरोधात नाही. आपल्याकडे पाहुणा आला की भाकर आधी त्याच्या पुढ्यात जाते.

आपल्या भागात माणसं पूर्वीपासून येतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी बघा. रात्रभर ढोल वाजतो, पहाटे होळी पेटते, सातपुड्यातले हजारो लोक जमतात. आता शहरातले लोक पण कॅमेरे घेऊन येतात. अस्तंब्याची यात्रा बघा. दिवाळीत आपली पोरं तळोद्यावरून चालत डोंगर चढतात. तोरणमाळला महाशिवरात्रीची यात्रा भरते. आणि इथून जवळ, तापीच्या पलीकडे सारंगखेडा. दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबचे व्यापारी घोडे घेऊन येतात.

या यात्रांत पैसा कसा फिरतो ते आठवा. कुणी चारा विकतो, कुणी भजी तळतो, कुणी घोंगड्या विकतो, कुणी पाळणा चालवतो. मोठा व्यापारी जास्त कमावतो हे खरं, पण शंभर-दोनशे हातांत थोडं थोडं तरी पडतं. यात्रेला तिकीट नाही, दारावर चौकीदार नाही. आणि यात्रा उठली की जमीन जिच्या-तिच्या मालकाकडे परत जाते.

मग त्याच सारंगखेड्यात यात्रेला 'फेस्टिव्हल' नाव लागलं. बाहेरच्या पाहुण्यांसाठी तंबूंचं शहर उभं राहिलं. घोडे तेच, देव तोच, तापी तीच. पण तंबूत राहणाऱ्या पाहुण्याचा पैसा भजीवाल्या बाईपर्यंत पोहोचत नाही. त्यानं जेवणासकट पैसे आधीच भरलेले असतात, कुठंतरी शहरातल्या ऑफिसात.

यात्रा आणि पर्यटनाचा धंदा यांत हाच फरक आहे. यात्रेत पाहुणा गावात पैसा मोडतो. धंद्यात पाहुणा गावात येतो, पैसा मात्र गावाला वळसा घालून निघून जातो.

पाच हजारांचा हिशोब

काल रात्री काही साथींनी बसून एक हिशोब मांडला. हा कोणत्याही सरकारी कागदातला आकडा नाही, समजून घेण्यासाठी केलेला हिशोब आहे.

समजा, सुरतेचं एक कुटुंब गाडी करून तोरणमाळला आलं. एक रात्र राहिलं. पाच हजार रुपये खर्च केले. ते असे गेले:

डिझेल 1200. ते सुरतेत नाहीतर दोंडाईच्याला भरलं.
खोलीचं भाडं 2200. ते हॉटेलच्या मालकाला.
जेवण 1000. तेल, पीठ, पनीर, भाजी शहाद्याहून आली.
थंड पेय, पाण्याच्या बाटल्या, कुरकुरे 400. कंपनीला आणि दुकानदाराला.
राहिले 200. त्यात मक्याची कणसं, सीताफळं घेतली, फोटो काढायला एका पोराला सोबत नेलं.

खोलीच्या आणि जेवणाच्या पैशातून हॉटेलवाल्यानं झाडूवाली बाई, भांडी घासणारा पोरगा, रात्रीचा चौकीदार यांची मजुरी दिली. त्या एका रात्रीच्या वाट्याला ती धरा 300 रुपये. म्हणजे पाच हजारांतले गावात राहिले पाचशे. दहातला एक.

हिशोब ऐकून मागं बसलेल्या एका आजीनं अहिराणीत विचारलं, "मंग बाकीना पैसा गया कथा?"

साथींनो, अर्थशास्त्राची मोठमोठी पुस्तकं याच प्रश्नावर लिहिली गेली आहेत. गरीब देशांत टुरिस्ट येतो, पण त्याचा पैसा विमान कंपनीत, हॉटेल कंपनीत, बाहेरून आणलेल्या मालात निघून जातो. त्याला 'गळती' म्हणतात. मडक्याला भोक असलं की कितीही पाणी ओता, बाईला घरी रिकामं मडकं न्यावं लागतं. सरकार आपल्याला सांगतं ते मडक्यात ओतलेलं पाणी: इतके लाख पर्यटक आले, इतके कोटींची उलाढाल झाली. मडक्यात उरलं किती, हे कुणी सांगत नाही.

आता हाच हिशोब दुसऱ्या बाजूनं करा. खोली गावातल्या घराची असेल तर 2200 गावात. भाकर गावातल्या ज्वारी-मक्याची, कोंबडी गावातली, तर जेवणाचे बहुतेक पैसे गावात. पाहुणे तेच, डोंगर तोच, खर्च तोच. फरक एकच, मालक कोण? म्हणून 'काम मिळेल का?' हा अर्धाच सवाल झाला. पुरा सवाल असा आहे, 'जमीन कुणाच्या नावावर राहील आणि गल्ला कुणाच्या हातात राहील?'

केवडियाचं काय झालं

आता शेजारी बघू. सातपुडा ओलांडला, नर्मदेच्या काठानं खाली गेलं की गुजरातचं केवडिया. तिथले तडवी, वसावा आपलेच सोयरे आहेत.

1961 साली तिथं नर्मदेवरच्या धरणाची पायाभरणी झाली. त्या सुमारास धरणाच्या कामासाठी, कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी म्हणून केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांची जमीन घेतली. पुढं धरणाचं सगळंच बदललं. लवादाचा निवाडा 1979 साली आला. बुडणाऱ्या गावांना जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची असं त्यात ठरलं. महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीची 33 गावं त्यात आली, आणि त्या निवाड्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून आपले लोक किती वर्षं पाण्यात उभे राहिले ते तुम्हाला माहीत आहे. पण या सहा गावांना सांगितलं गेलं, तुमची जमीन बुडालेली नाही, आधीच घेतलेली आहे, तुम्ही धरणग्रस्तांत बसत नाही. जमीन गेली आणि धरणग्रस्त म्हणून नाव पण लागलं नाही.

घेतलेल्या जमिनीतली बरीचशी जमीन धरणाला लागलीच नाही. लोक तिच्यावर राहत होते, पेरत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: धरणासाठी घेतली, धरणाला लागली नाही, आम्हाला परत करा.

मग पर्यटन आलं. धरणाच्या खाली तीनेक किलोमीटरवर नदीत साधू बेट आहे. तिथले तडवी लोक तिला वराता बावाची टेकडी म्हणत, पूजत. तिच्यावर सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. खर्च सुमारे 3000 कोटी. 31 ऑक्टोबर 2018 ला उद्घाटन झालं. पुतळ्यापाठोपाठ तंबूंचं शहर, बागा, प्राणीसंग्रहालय, हॉटेलं, राज्याराज्यांच्या भवनांसाठी जागा. 2019 साली त्या भागाच्या पर्यटन विकासासाठी खास कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमलं. जानेवारी 2021 मध्ये रेल्वे स्टेशन झालं. आता तर नाव पण बदलून 'एकता नगर' केलं.

आणि ती पडून राहिलेली जमीन? साठ वर्षांपूर्वी धरणासाठी घेतलेली जमीन पर्यटनाच्या कामाला लागली. मे 2020 मध्ये सगळा देश लॉकडाऊनमध्ये घरात बसला होता, तेव्हा त्या गावांत कुंपण घालायचं काम चाललं होतं. बाया कुंपणाच्या आड उभ्या राहिल्या. पोलीस आले.

तिथं काम मिळालं नाही असं आम्ही म्हणत नाही. खोटं बोलून लढा जिंकता येत नाही. तिथल्या पोरापोरींना गाईडचं, चौकीदारीचं, सफाईचं काम मिळालं. बाया गुलाबी ई-रिक्षा चालवतात, आणि चांगल्या चालवतात. पण आपल्याला हे विचारायचं आहे, की ज्या जमिनीचा तो मालक होता तिथंच तो चौकीदार झाला, तर याला पुढं जाणं म्हणायचं का? मजुरी महिन्याच्या शेवटी मिळते आणि मालकाच्या मर्जीवर असते. जमीन नातवापर्यंत पोहोचते.

लांब कशाला जायचं?

कुणी म्हणेल, गुजरातचं सोडा. बरं, आपल्या शिंदखेडा तालुक्यातलंच विखरण घ्या. तिथं पर्यटन नव्हतं, सोलर वीज प्रकल्प होता. धर्मा पाटील नावाच्या 84 वर्षांच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पाच एकराला 4 लाखांच्या आसपास मोबदला मिळाला. शेजाऱ्याला किती तरी जास्त मिळाला. न्याय मागत ते मंत्रालयात गेले आणि जानेवारी 2018 मध्ये तिथंच विष घेतलं. काही दिवसांनी दवाखान्यात वारले.

धर्मा पाटलांकडे सातबारा होता. आपल्यातल्या कित्येकांकडे तो पण नाही. कागद असलेल्या माणसावर ही वेळ आली, तर ज्याचा दावाच तहसीलच्या कपाटात पडून आहे त्याचं काय होईल?

आणि मोबदल्याचं म्हणाल, तर पुणे जिल्ह्यात लवासा बघा. डोंगरात नवं हिलस्टेशन बसवायचं म्हणून मोसे खोऱ्यातली जमीन गेली. त्यात कातकरी, मराठा, धनगर सगळ्यांची होती. पर्यावरण मंत्रालयानं 2010 साली काम थांबवायला लावलं, कर्ज वाढत गेलं, आणि 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. कंपनीचं दिवाळं निघालं की बँका पैसे मागायला उभ्या राहतात. कातकऱ्याची जमीन मागायला कोण उभं राहतं?

कोरोनानं शिकवलेलं

आणखी एक गोष्ट पोरांनी लक्षात ठेवावी. मार्च 2020 मध्ये एका रात्रीत सगळं बंद झालं. महाबळेश्वर, माथेरान, गोवा, अजिंठा, सगळं. ज्या अजिंठ्याला जगातून लोक येतात, त्याच्या पायथ्याशी फर्दापूरला दुकान मांडून बसलेल्यांचा गल्ला रिकामा झाला. गाईड, घोडेवाले, हॉटेलातली पोरं घरी बसली.

त्याच वेळी सुरतेहून, नाशिकहून, सौराष्ट्रातून आपली माणसं चालत गावी आली. ती कशावर जगली? ज्याच्याकडे दोन एकर वनजमीन होती त्याच्या घरात मका होता, तूर होती. उन्हाळा होता, मोहाची फुलं वेचली, चारोळी वेचली. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो रेशनच्या रांगेत उभा राहिला.

पर्यटन हा हंगामी धंदा आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला येतील, होळीला येतील, बाकीचे महिने नाही. साथ आली, रस्ता खचला, दंगल झाली की तो बंद. त्याच्यावर जोडधंदा म्हणून दोन पैसे मिळवावेत, पण त्याच्यासाठी जमीन सोडू नये. शेती आहे म्हणून पाहुण्याची भाकर परवडते. शेती गेली तर पाहुणा आला नाही त्या दिवशी आपलीच चूल थंड.

कायदा आज कुठं उभा आहे

आता कायद्याचं. इथं जरा नीट लक्ष द्या, कारण अलीकडे एक बदल झालाय तो बऱ्याच साथींना माहीत नाही.

कर्नाटकात नागरहोळेचं जंगल आहे. तिथं जेनू कुरुबा आणि दुसरे आदिवासी राहतात. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तिथून काढायची भाषा सुरू झाली, आणि त्याच जंगलात सरकारनं एका बड्या हॉटेल कंपनीला रिसॉर्टसाठी जागा भाडेपट्ट्यानं दिली. म्हणजे आदिवासी राहिला तर जंगल नासतं, श्रीमंत पाहुणा राहिला तर नासत नाही! लोक उठले, बंद केला, धरणं धरलं, कोर्टात गेले. 1997 च्या जानेवारीत तिथल्या हायकोर्टानं सांगितलं, हे बेकायदा आहे. का? वन संवर्धन कायदा 1980 म्हणतो की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची मंजुरी आधी लागते, आणि ती घेतलेली नव्हती.

म्हणजे तेव्हा या कायद्यानं रिसॉर्ट अडवलं. आता बघा. 2023 साली संसदेनं हा कायदा बदलला आणि 1 डिसेंबर 2023 पासून बदल लागू झाला. त्यात काय म्हटलंय? सरकारी प्राणीसंग्रहालय, सफारी, आणि फॉरेस्टच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वर्किंग प्लॅनमध्ये घातलेल्या 'इको-टुरिझम'च्या सोयी, यांना आता 'वनेतर काम' धरायचं नाही. साध्या भाषेत, आदिवासीनं जंगलात नागर घातला तर ते अतिक्रमण, आणि वर्किंग प्लॅनमध्ये लिहून टुरिस्टासाठी सोय बांधली तर ते जंगलाचंच काम! नागरहोळेच्या लोकांनी जे हत्यार वापरलं होतं त्याची धार सरकारनं काढून घेतली.

मग आपल्या हातात काय राहिलं? वनहक्क कायदा 2006. तो रद्द झालेला नाही, 2023 च्या बदलानं पण नाही. त्यातल्या चार गोष्टी पाठ करा.

पहिली. कलम 3(1) प्रमाणं गावाच्या सामूहिक वनसंपत्तीचं राखण, जोपासना आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क आहे. हक्क मान्य झालेल्या जंगलात काय करायचं ते ठरवताना फॉरेस्टला ग्रामसभेला डावलता येत नाही.

दुसरी. कलम 3(2) मध्ये गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते अशा 13 गोष्टींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज, पाणी, तलाव, रस्ता, समाजमंदिर असं. प्रत्येकाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही यादी घरी नेऊन नीट वाचा. तिच्यात हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही, तंबूंचं शहर नाही. 'गावाच्या विकासासाठी' म्हणून कुणी ठराव मागायला आला तर यादी त्याच्यापुढं ठेवा.

तिसरी. कलम 4(5). दाव्याची पडताळणी आणि निकाल पुरा होईपर्यंत कुणालाही वनजमिनीवरून काढता येत नाही. म्हणून दावा दाखल असणं आणि त्याची पोच आपल्याकडे असणं याला सोन्याची किंमत आहे.

चौथी. हा कायदा फक्त पेसाच्या गावांना नाही, सगळीकडे लागू आहे. शिंदखेडा तालुका पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथल्या भिल्ल साथींना अधिकारी सांगतात, "तुम्हाला हे लागू नाही." खोटं आहे. पेसा इथं लागू नाही, वनहक्क लागू आहे.

आणि जी जमीन आदिवासीच्या सातबाऱ्यावर आहे तिचं काय? जमीन महसूल कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणं ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण किंवा भाड्यानं पण देता येत नाही, कलेक्टरच्या परवानगीशिवाय. म्हणून शहरातला माणूस दारू पाजून, ॲडव्हान्स देऊन, स्टॅम्पवर अंगठा घ्यायला येतो. "विकू नको रे, फक्त वापरायला दे, तुझ्या पोराला मॅनेजर करतो." अशा कागदावर सही नाही, अंगठा नाही.

ग्रामसभेच्या शब्दाला किती वजन असतं ते ओडिशाच्या नियमगिरीनं दाखवलं. सुप्रीम कोर्टानं 2013 साली सांगितलं, ग्रामसभांना विचारा. 12 ग्रामसभा भरल्या. 12 ही ठिकाणी लोकांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगर आजही जागेवर आहे. आणि जिथं लोकांकडे असा हक्क मानला जात नाही तिथलं पण ऐका. आफ्रिकेत टांझानिया देशात मसाई नावाचे गुराखी लोक आहेत. जून 2022 मध्ये त्यांच्या 1500 चौरस किलोमीटर कुरणावर सरकारनं खांब रोवले, शिकारीला आणि सफारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखीव जंगल करायला. लोकांनी खांब उपटले, गोळीबार झाला, माणसं देश सोडून पळाली. सातपुडा कुठं आणि टांझानिया कुठं, पण गोष्ट तीच.

मग पोरांनी काय करायचं?

आता पहिल्या सवालावर परत येऊ. पोरांना काम पाहिजे. आम्ही सांगतो, पर्यटन करायचं असेल तर करू, पण क्रम उलटा करू नका. आधी हक्क, मग पाहुणा.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघा. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीच्या पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मग बांबूचा भाव ग्रामसभेनं ठरवला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला. आधी कागद, मग बाजार. बांबूला जे लागू, ते पाहुण्याला पण लागू.

अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी हे महादेव कोळ्यांचं गाव. तिथं पाहुणे येतात, काजवे बघतात, शेतात फिरतात. राहतात गावातच, जेवतात गावातल्या घरात. जेवायला घालायची घरांची पाळी लावलेली असते, म्हणजे एकाच घराला सगळा पैसा जात नाही. तिथं पण अडचणी असतीलच. पण तिथं कुणाची जमीन गेली नाही, आणि उद्या पाहुणे यायचे थांबले तरी गाव गावच राहील.

आपल्या गावात असं करायचं तर ग्रामसभेत आधी बायांना विचारा. पाणी कोण भरणार? पाहुण्याच्या अंघोळीच्या चार बादल्या कुणाच्या डोक्यावरून येणार? लाकूड कोण आणणार? दारू पिऊन आलेल्या पाहुण्याला कोण परत पाठवणार? आपल्या पोरींचे फोटो काढायची परवानगी कोण देणार? काठीच्या होळीला रात्री आपल्या नाचणाऱ्या पोरींच्या तोंडावर लाईट मारून फोटो काढतात, तेव्हा त्यांना कुणी विचारतं का? हे सवाल बाया जास्त नीट विचारतील, कारण कष्ट त्यांच्या वाट्याला येणार आहेत.

प्रत्येक गावानं काय करायचं

शिबिर संपल्यावर प्रत्येक साथीनं आपल्या पाड्यावर जाऊन एवढं करायचं:

1. सामूहिक वनसंपत्तीचा दावा टाकला नसेल तर टाका. 2012 च्या नियमांत त्यासाठी वेगळा नमुना दिला आहे. कोणतेही दोन पुरावे पुरतात, म्हाताऱ्या माणसांचा जबाब हा पण पुरावा आहे. देवाची जागा, पाणवठा, गुरं चारायची वाट, मोहाची झाडं, सगळं नकाशात घ्या. जी जागा पाहुण्याला सुंदर दिसते ती आधी घ्या, कारण पहिली नजर तिच्यावर पडणार आहे.

2. दावा नामंजूर झाला असेल तर लेखी कारण मागा आणि 60 दिवसांच्या आत अपील करा.

3. फॉरेस्टच्या वर्किंग प्लॅनमध्ये आपल्या गावाच्या जंगलाबद्दल काय लिहिलं आहे ते माहितीच्या अधिकारात मागा. 'इको-टुरिझम' हा शब्द दिसला की बैठक बोलवा.

4. ग्रामसभेचा ठराव करा: आमच्या जंगलात पर्यटनाचं कोणतंही काम ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. गणपूर्ती निम्म्या लोकांची, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. कमी भरल्या तर ठराव टिकणार नाही. सह्या-अंगठे घ्या, एक प्रत गावात, एक संघटनेत.

5. कुणी 'जागा फक्त वापरायला द्या' म्हणून आला तर एकट्यानं बोलू नका. त्याला ग्रामसभेत आणा. खरा असेल तर येईल.

साथींनो, आपण डोंगराभोवती काटेरी कुंपण घालायला निघालो नाही. उलट, कुंपण घालायला दुसरेच येताहेत, आणि त्या कुंपणाच्या दारावर आपल्याच पोराला टोपी घालून उभं करायचं त्यांनी ठरवलंय. आपलं म्हणणं एवढंच आहे की पाहुणा आमच्या दारातून यावा, आमच्या घरी बसावा, आमच्या चुलीवरची भाकर खावी आणि तिची किंमत आमच्या हातात द्यावी.

आणि त्या आजीनं विचारलेला सवाल विसरू नका. पुढच्या वेळी कुणी साहेब, पुढारी, बिल्डर गावात येऊन विकासाचं चित्र दाखवायला लागला, तर शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घ्या. मग उठून एवढंच विचारा, "साहेब, पैसा जाईन कथा? आनि जमीन कोनाना नावावर राही?"

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
ग्रामसभा जिंदाबाद!